ताटाला कात्री

४ जून

भात बंद. पाव बंद. बटाटा आठवड्यातून एकदा, तोही उपकार केल्यासारखा! ही दवाखान्यातलं आहारावरचं व्याख्यान ऐकून आली आणि आल्या आल्या माझ्या ताटाला कात्री लावली. पिष्टमय म्हणजे शेवटी साखरच, म्हणे. प्रथिनं मात्र हवी तेवढी. म्हणून अंडी, डाळ, मासे, पुन्हा अंडी. एखाद्या दिवशी गिऱ्हाइकासमोर आरवेन मी!

मुकाट्याने जेवतो. मला मधुमेह निघाला तेव्हा हिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते मी पाहिलंय. डॉक्टरांच्या गोळ्या दोन्ही वेळा चालूच आहेत.

११ जून

सकाळची साखर एकदम खाली. ही इतकी खूश की शेजारणीला आकडा सांगून आली. जसा काही मी परीक्षेत पहिला आलोय.

१९ जून

हात थरथरला. जेवणाच्या सुट्टीआधी, वस्तरा हातात असताना. पंखा डोक्यावर, तरी अंगाला दरदरून घाम. गिऱ्हाइकाला म्हटलं, पाणी पिऊन येतो. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी उजवा हात, मग दोन्ही. कंपवात. सगळ्या गल्लीच्या दाढ्या करणारा माणूस शेवटी स्वतःच्या शर्टाचं बटण लावू शकत नव्हता. आता माझी पाळी — हेच डोक्यात घोळतंय.

हिला सांगणार नाही. आत्ता कुठे सावरलीय.

२० जून

पुन्हा.

२६ जून

घात झाला. शाळेतले मास्तर, माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांना वस्तरा लागला, कानाखाली. खोल नाही, पण पांढऱ्या कापडावर रक्त दिसलं. मास्तर म्हणाले, चालायचंच. पण उरलेली दाढी लांब्याने केली. शेजारच्या खुर्चीवरचा, मीच शिकवलेला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

घरी हिच्यावर उगीच खेकसलो. मीठ कमी आहे म्हणून. मीठ बरोबर होतं. बटाटाही आता दिसत नाही ताटात.

२ जुलै

दाढीची कामं लांब्याला देऊन टाकली. मी फक्त केस कापणार. गिऱ्हाइकांना सांगितलं, खांदा धरलाय. दुकान झाडताना रडू आलं. वस्तरा नाही तर मी कोण?

७ जुलै

दुकानातच कोसळलो. डोळ्यांपुढे अंधारी, जीभ जड, शब्द फुटेना. लांब्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे बोटातून रक्त काढलं, साखरेचं पाणी पाजलं — आणि थोड्या वेळाने हात थांबला! मी हाताकडे बघतच राहिलो.

मग डॉक्टरांनी माझी बिनपाण्याने केली. माझी, जन्मभर हाच धंदा करणाऱ्याची! पिष्टमय कमी करा म्हटलं होतं, बंद करा नव्हतं म्हटलं. मेंदूला साखर लागतेच. ताट बदललं की गोळीही बदलावी लागते, मग विचारायला काय झालं होतं? गोळी साखर खाली ओढत होती आणि वरून पोटात पिष्टमय काही जात नव्हतं. म्हणून ती थरथर, तो घाम, ती चिडचिड. कंपवात नाहीच!

गोळी निम्मी केली, ताटात भात परत आला. मी बावळटासारखा हसत होतो. ही खाटेशी उभी होती. हसत नव्हती.

८ जुलै

आज विचारलं, काय झालंय? तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तुमचा हात थरथरताना मी पहिल्यापासून बघत होते. वाटलं, साखर पुन्हा चढली. बोलले तर खचाल. म्हणून माझ्याच हाताने ताटातलं आणखी आणखी काढत गेले."

मी म्हटलं, अगं, मीही लपवलंच की! तिने तोंड फिरवलं.

१५ जुलै

मास्तर स्वतःहून माझ्या खुर्चीत बसले आणि मान वर केली. वस्तरा घेतला. एक ओरखडा नाही! लांब्याने चहा मागवला सगळ्यांना.

१६ जुलै

ही मला वाढते आणि मागून जेवते म्हणते. आज पातेलं उघडून पाहिलं. तिच्या वाटणीचा भात तसाच होता. कालचाही.