फियाटचा हॉर्न अन् माझा अंगठा

मु. पो. उंद्री, ता. चिखली

प्रिय मित्र वाहेद,

तुले माणिकरावाचा जयभीम अन् सलाम, दोन्ही. सुगराभाभीची कंबर धरली असं ऐकलं, आता कसं आहे? (कुठून ऐकलं ते विचारू नको. घरचा झाडू तू हातात घेतला का नाही, तेवढं खरं लिहिजो.) मलकापुरातल्या तुझ्या गॅरेजात बरकत असो. आम्ही इकडं खुशाल आहो. माझ्या उजव्या अंगठ्याची कातडी तेवढी गेली, तिचीच ही हकीकत.

आपली महामाया जजची परीक्षा पास झाली! गावानं रविवारी विहारात सत्कार ठेवला, तं पोरगी फोनवर म्हणे, "बाबा, एसटीतून उतरले की मी आपल्या फियाटमध्ये बसूनच विहारात येईन." घरात टीव्ही, कुकर अन् माझं घोरणं, म्हणून तिनं कायद्याची सारी पुस्तकं अंगणातल्या फियाटच्या मागच्या सीटवर बसून वाचली. मी हो म्हटलं, ताडपत्री काढली अन् गाडीत जाऊन बसलो. उन्हानं सारं प्लास्टिक पापडावानी झालेलं. काच खाली करायचा दांडा धरला, दांडा हातात. इंडिकेटर हलवला, इंडिकेटर हातात. (दहा मिनिटांत मांडीवर इतकं सामान जमलं, की गाडी किती उरली ते पाहाले खाली उतरलो.) स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं झाकण तं तीन जागी तुटलेलं.

मी चित्रकलेचा मास्तर. जिंदगीभर पोरांकडून पुठ्ठ्याचे किल्ले करून घेतले, माझ्यापुढं प्लास्टिक काय चीज! मोबाइलवर एक माणूस सांगत होता: तुकडे जुळवा, भेगेत खायचा सोडा भरा, वरून झटपट चिकटणारा गम सोडा, दगड होते. खरंच होते बे! दांडा बसला, इंडिकेटर बसला, मले चढलं. सोडा संपला तं तुझ्या रुख्मिणीवहिनीच्या फडताळातला अख्खा डबा आणला. मग दिवे लागतात का पाहाव, म्हणून शेजारच्या हिंमतरावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली अन् हॉर्नचं झाकण जुळवून अंगठ्यानं गच्च दाबून धरलं.

हॉर्न दाबून धरला म्हणजे काय होते? हॉर्न वाजते. आधी बॅटरी काढाव, ही अक्कल मले पहिल्या भोंग्यालेच आली, पण तवर अंगठा चिकटला होता.

लेका, काय सांगू! पाण्याचा टँकर आला समजून शालूबाई दोन हंडे घेऊन धावत आली, तिच्यामागं अर्धी गल्ली. मी ओरडतो, "बॅटरीची वायर काढा!" अन् हॉर्नपुढं कोणाले काही ऐकू येत नाही. रुख्मिणी माझी कंबर धरून ओढे. बायांनी तोवर हंड्यांची रांग लावली अन् नंबरावरून भांडण सुरू झालं. शेवटी हिंमतरावानंच वायर उपटली. मग गल्लीतली शाइस्ता, जी पार्लर चालवते, ती नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन आली. "चाचा, हलू नका," म्हणे. थोडी कातडी देऊन अंगठा सुटला, पण त्या पाण्यानं झाकणाची पार लापशी करून टाकली. खरं सांगतो, मले रडू आलं. गुरुवार होता. पोरगी रविवारी येणार.

शाइस्तानं ती लापशी बोटानं चाचपली. "चाचा, हेच तं पाहिजे. याच्यानंच भेगा भरू." गाडीचे उरलेसुरले तुकडे काचेच्या वाटीत विरघळवले, ब्रशनं थर दिले, वाळू दिले. नखं घासायच्या कानशीनं तिनं असं घासलं, असं घासलं, की नवीन कोरं झाकण! रंग मात्र तिच्याजवळ एकच होता. आपल्या फियाटचा हॉर्न आता गुलाबी आहे.

रविवारी हिंमतरावाची बॅटरी पुन्हा जोडली अन् महामाया गाडीत बसली. त्या गुलाबी झाकणावरून बराच वेळ हात फिरवला. मग म्हणे, "बाबा, इतकं कोणी करते का हो?" अन् डोळे पुसून जो हॉर्न दाबला, तो विहार येईपर्यंत सोडला नाही. सारं गाव गाडीसोबत चाललं होतं. असा दिवस पुन्हा नाही, वाहेद.

तुझा,
माणिकराव

ता. क. पोरगी गाडीत बसून आली असं मी लिहिलं. गाडी चालली असं कुठंच लिहिलं नाही, वाटल्यास पुन्हा वाच. पंधरा जणांनी ढकलली. इंजिन सहा वर्षांपासून बंद आहे.

ता. ता. क. "आधी इंजिन पाह्य, नटवणं मागून," असं तू म्हणला होता, अन् मी तुलेच म्हटलं होतं, की तुले गाडीतलं काय कळते! तेव्हापासून दीड वर्ष आपलं बोलणं नाही. फोनवर आवाज ऐकून ठेवून देशील, म्हणून पत्र. चूक माझीच होती. पोरगी पुढच्या महिन्यात रुजू होते. तिले कोर्टाच्या दारात याच गाडीनं सोडायचं आहे, अन् तिथं ढकलाले माणसं कुठून आणू?

आणखी एक. यायचं नसलं तरी महामायाले कळवू नको. वाहेदचाचा येत्या शुक्रवारी इंजिन खोलायचे पाने घेऊन येऊन राह्यले, असं मी तिले सांगून बसलो.