प्रणिता ठणठणीत

४ नोव्हेंबर, मंगळवार

छापलं! फोटोसकट. ‘धावपटू प्रणिताचे मन का खचले? प्रेमभंगाची चर्चा.’ चर्चा कोण करून राह्यलं होतं? छापायच्या आधी त कोणीच नाही! लहान बहीण माझी. तिचं नाक मी पुसलं, अन् प्रेमभंग मले माहीत नाही, पेपरले माहीत!

राष्ट्रीय स्पर्धेत, आठशे मीटरच्या फायनलमधी, सगळ्यांच्या पुढं होती अन् मधातच थांबली. मागं वळून पाहत उभी राह्यली. पेपरवाल्यांनी तेवढंच पाह्यलं. तवापासून ती इथं तेलंगणात, गुडीहत्नूरले घरी हाय. हैदराबादच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत, झोप लागून राह्यली, दोन घास जास्तीचे खाते. हे कोणाले पाह्यजे?

५ नोव्हेंबर

बातमी देणारा राजकुमार. गावचाच. बसस्टँडवर मोबाइल दुरुस्त करते अन् मराठी पेपरले बातम्या धाडते. सकाळी आमच्या दुकानात साखर न्यायले आला, तसाच पकडला. म्हणे, “ताई, मी त निस्तं ‘आजारी’ लिवलं होतं. बाकीचं हापिसातल्यांनी लावलं. आजारी म्हटलं त कोण वाचते?” साखर तोलून देली. थोबाडीत द्यायची होती.

गोळ्यांचंही छापलं हाय मेल्यांनी. आता गिऱ्हाईक दाळ घेता घेता इचारते — “त्या जोर यायच्या गोळ्या हायेत का वं?” अन् तेलुगू पेपरात त सरळ ‘पिच्ची’. येडी! शेजारची चंचल हसत हसत वाचून दाखवत होती. प्रणिता आतच होती. आयकलं तिनं.

८ नोव्हेंबर

आज इचारलंच. मैदानात मागं काय पाह्यलं तुनं?

भाजी निवडून राह्यली होती. मान वर न करता म्हणे, “कोणीतरी धावते, ताई. माझ्या मागं. मी जोरात, त तेही जोरात. गोळ्यांनं दूर गेलं होतं. पेपर आल्यापासून बोलाले लागलं. बातमी वाचते. माझ्या नावासकट.”

मी हसण्यावारी न्यायले पाह्यलं. जमलं नाही. भेव वाटलं मले. मागच्या आंगणात पाणी आणाले गेली त मी बी एकदा वळून पाह्यलं.

१२ नोव्हेंबर

बाबा दोन दिवस राजकुमारच्या दुकानात ठाण मांडून बसले, अन् खुलासा छापून आणला! ‘प्रणिता ठणठणीत! अफवांना पूर्णविराम.’ फोटोत हसून राह्यली. किती वेळा हसवलं तिले, तवा कुठी जमलं. बाबांनी तो पेपर दुकानात तेलाच्या पिंपाच्या वर चिकटवला. पेढे वाटले. त्यांचा चेहरा पाहून मले बी वाटलं, चला, सुटलो बाप्पा.

१३ नोव्हेंबर

गोळ्या दिसत नव्हत्या. बाबांनी ट्रंकेत कुलूपबंद केल्या! चाबी करदोड्याले.

“पेपरात छापून आलं ठणठणीत. आता कोणी गोळ्या पाह्यल्या त आमी खोटे पडू. चार लोकांत पेढे वाटले मी.”

मी म्हटलं, बाबा, ते त तुमीच छापून आणलं ना!

“म्हणूनच,” म्हणे.

काय बोलावं अशा माणसाशी!

१६ नोव्हेंबर

झोप गेली तिची. पाठ भिंतीले लावून बसते. जेवतानाही.

येणारी जाणारी म्हणते, पेपरात वाचलं, बरं झालं बाई! ती हसते. फोटोतलंच हसू. मले पाहवत नाही ते. अन् लोकायले काहीच दिसत नाही! समोर पोरगी बसली हाय, तरी पेपरच पाहतात.

डॉक्टरले फोन केला. लय रागावले. “एकदम बंद करायच्या नसतात. आजच चालू करा.” बाबांले सांगितलं. म्हणे, डॉक्टरचं काय जाते!

१८ नोव्हेंबर

सकाळी अंथरुणात नव्हती. पळत सुटली मी. हायवेवर दिसली — कडेनं चालून राह्यली होती, उलटी! मागं तोंड करून. ट्रकवाले हॉर्न मारून राह्यले, तिले पत्ताच नाही. हात धरला त बरफासारखा.

“असं चाललं का ते मागं येत नाही, ताई.”

बाबांले सांगितलं. ते गल्ल्यावर जाऊन बसले. चाबी देली नाही.

१९ नोव्हेंबर

मायनं वरवंट्यानं कुलूप फोडलं. बाबांच्या समोर! ते उठले नाहीत.

गोळी प्रणिताच्या हातावर ठेवली, पाणी देलं, गिळली का पाह्यलं. मंग मले चुलीपाशी बोलावलं. हळूच म्हणे, “मयूरी, डॉक्टरले इचार, मले बी चालन का हे गोळी. माझ्या मागं त लग्नाच्या आधीपासून धावते.”