थंड पाण्यातला जंतू

प्रिय पुनम,

फोनवर कॉलेजचा विषय निघाला की तुझ्या दवाखान्यात नेमका पेशंट येतो, हे आता मला पाठ झालंय. विभागाची मेलही तू उघडत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. कोरपन्याचा पोस्टमन तरी तुला टाळता येणार नाही.

आधी बातमी. आपला लेख छापायला घेतला गं! परवा ओपीडी संपता संपता संपादकांची मेल आली. मी ती वॉर्डातल्या सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना अर्धी कळली नाही, तरी त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

गुणाबाई तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. सावली तालुक्यातल्या तलावावर मासे धरणारी, शिंगाडे काढणारी. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून फोडांनी भरलेलं, कितीही मलम लावलं तरी जखम भरत नव्हती. आपण दोघी तेव्हा नव्याच निवासी डॉक्टर होतो. बोट काढायचं ठरलं, तेव्हा तिने तुझाच हात धरला होता. "बोट गेलं त मी जाळं कायनं वढू, बाई?" तू भांडून ऑपरेशन पुढे ढकलायला लावलंस आणि त्या दिवसापासून अशा हातांच्या मागेच लागलीस. तसलेच फोड असलेल्या आणखी बाया शोधून काढल्यास, सगळ्या पाण्यात काम करणाऱ्या. प्रत्येकीच्या जखमेचा नमुना लॅबमध्ये गेला आणि प्रत्येकीचा रिपोर्ट कोरा आला.

मग ती विभागाची बैठक. तू उभी राहून विचारलंस, "हे हात दिवसभर थंड पाण्यात असतात. मग त्यातला जंतू आपण अंगाच्या उष्णतेला का वाढवून बघतो?" आपले विभागप्रमुख सर म्हणाले की या गावगप्पा झाल्या, याला संशोधन म्हणत नाहीत, आणि तुला खाली बसवलं. सगळे हसले. पुढे आपण धीर करून पाठवलेला लेखही पुरावा नाही म्हणून परत आला. त्यानंतर तू कॉलेज सोडून गेलीस. घर सांभाळून झेपत नाही असं सांगितलंस म्हणे. तुला सगळं झेपत होतं, पुनम. मी रोज बघत होते.

तू गेल्यावर मी लॅबमधल्या लटारूभाऊंना गाठलं. म्हटलं, नमुन्याचे दोन भाग करू. एक नेहमीच्या उबेत ठेवू, दुसरा थंडाव्यात. कोपऱ्यात एक इनक्युबेटर बिघडून पडला होता, तो जेमतेम कोमट व्हायचा. लटारूभाऊ म्हणाले, "चला, त्याले तरी काम भेटलं." किती तरी दिवस काहीच उगवलं नाही. मी विचारायला जाणंही सोडून दिलं होतं, आणि एका सकाळी तेच मला राउंडमधून बोलावून घेऊन गेले. नेहमीच्या उबेतला भाग कोराच होता. थंडाव्यातल्या भागावर पिवळसर ठिपके आले होते. मी लॅबमध्येच रडले, आणि लटारूभाऊ बिचारे पाणी शोधत फिरले.

नागपूरच्या मोठ्या लॅबने जंतूची ओळख पक्की केली. मासे आणि साचलेलं पाणी हेच त्याचं घर. त्याला निराळ्याच गोळ्या लागतात, त्याही काही महिने. गुणाबाई मागच्या आठवड्यात येऊन गेली. माझं मनगट तिने असं आवळलं की मी कळवळले. "पाह्य, मूठ वळून राह्यली," म्हणाली. बाकीच्या बायांच्या हातांवरच्या जखमाही भरत आल्यात.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. लेख पुन्हा पाठवायच्या वेळी तू फोनवर "नाव ठेव नाहीतर काढ, तुझी मर्जी" एवढंच म्हणालीस. सरांचं मत होतं की तू आता विभागात नाहीस, तेव्हा शेवटी आभारात तुझा उल्लेख पुरे. मी म्हणाले, "सर, प्रश्न पुनमचा आहे. पहिलं नाव तिचं जाईल, नाहीतर माझं काढा." सरांनी लेख पहिल्यापासून वाचून काढला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तिला खाली बसवायला नको होतं." आणि सही केली. तेव्हा डॉक्टरबाई, पहिलं नाव तुझं आहे. छापण्याआधीची प्रत सोबत जोडली आहे. ओळ न् ओळ वाच, चुका काढ. तुझ्या होकाराशिवाय ती पुढे जाणार नाही. जानेवारीत नागपूरच्या परिषदेत हा लेख मांडायचा आहे. वक्त्याचं नाव मी अजून कळवलेलं नाही. पुनम येईल का, असं सरांनीच विचारलंय. ये. मंचावर तू उभी राहा. मी खाली पहिल्या रांगेत बसेन, आणि टाळ्या सगळ्यात आधी माझ्या असतील.

तुझीच,
दिव्यानी