पाऊण अपशकुन

ठाकुर्ली

तीर्थस्वरूप चित्राताईस,

प्रभाकरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत, गोड मानून घे). पाय कसा आहे? फोन तू उचलत नाहीस, म्हणून बाळकुमला हे पत्र. प्लास्टर निघालं तरी आई पलंगावरून उतरत नाही, असं तुझा मुकुल सांगतो. अगं, "ते मांजर आहे तोवर पाऊल टाकणार नाही" असं तू माझ्या घराबद्दल म्हणाली होतीस, स्वतःच्या नव्हे!

आमची भिंगरी तुला आडवी गेली हे खरं. पण मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे जायची तुझी शिस्त, आणि आमच्या जिन्याच्या तोंडाशी मागे जागा एकाच पावलाची. तू पडलीस, तुझ्या किंकाळीने ती रस्त्यावर पळाली आणि टेम्पोखाली तिचा मागचा डावा पाय गेला. (तुझाही डावाच. मी काही म्हणत नाही.)

डॉक्टरांनी पाय काढल्यावर ती दर वळणाला डावीकडे लवंडायची आणि आम्हीच ढकलल्यासारखी आमच्याकडे रागाने बघायची. मग एके दिवशी बाईसाहेबांनी उरलेला मागचा पाय सरकवून पोटाखाली मधोमध आणला, भार पुढच्या दोघांवर टाकला, शेपटी तोलाला बाजूला धरली आणि टुणटुण करत थेट माशांची पिशवी गाठली. आता धावायला लागली की पाय मोजूनच घ्यावे लागतात. फक्त कान खाजवायला अजून तोच नसलेला पाय उचलते. खुंट हलतो, डोळे मिटतात, आणि समाधान झाल्यासारखी निघून जाते. ते बघून हसू येतं, आणि ताई, भरूनही येतं.

शेजारच्या हौसाबाई आधी 'तीन तिघाडा काम बिघाडा' म्हणून नाक मुरडायच्या. आता म्हणतात, "तीन पायांची मांजर आरवी गेली, मंजे पाऊनच अपशकून!" आणि चारऐवजी तीनच पावलं मागे जातात. बिल्डिंगमध्ये सध्या हाच दर चालू आहे.

तेव्हा भाऊबीजेला ये. मुकुलचा हात धर, हवं तर वॉकर आण, वाटेत मला शिव्या घाल, पण चालत ये.

तुझा धाकटा,
प्रभाकर

ता.क. जिन्याला कठडा बसवून घेतलाय. पाठीमागे तीन पावलांची जागा काढली आहे.

आणखी एक ता.क. त्या गडबडीत तुझी डावी चप्पल इथेच राहिली. भिंगरी तिच्यावर डोकं ठेवून झोपते आणि कोणी हात लावला की गुरगुरते. ती सोडवायला तूच हवीस. (पट्टा कुरतडलाय, ते आल्यावर बोलू.) येताना नुसती उजवी घालून ये.