लाइलचा उजवा हात

बेकर्स फोर्ड, नेब्रास्का
२ फेब्रुवारी १९७४

प्रिय इर्मा,

स. न. वि. वि. हा नमस्कार कपडे धुण्याच्या यंत्रासमोरून आहे. चोवीस पोरांचे गणवेश आत फिरतायत. बावीस वर्षं झाली, पण कॉलेजने मला बेसबॉलचा कोच म्हणून नेमलंय की धोबी म्हणून, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

मैदानावर हातभर बर्फ आहे, म्हणून सराव जिममध्येच चाललाय. काल तुझ्या लाइलने असे काही चेंडू टाकले की पकडणाऱ्या पोराचा तळवा टम्म सुजला. तो कुरकुरला की कोच, भाच्याला सांगा, मी माणूस आहे, भिंत नाही. एका मोठ्या क्लबचा माणूस वही घेऊन आला होता. जाताना विचारत होता की जूनमध्ये क्लब पोरं निवडतील तेव्हा हा येईल ना. मी म्हटलं, त्याच्या आईला विचारा, या घराण्यात माझं कोण ऐकतंय! खरं सांगतो इर्मा, असा चेंडू टाकणारा पिचर माझ्या हाताखाली कधी आला नाही. आज कार्ल असता तर ‘माझा पोरगा’ म्हणून गावभर सांगत सुटला असता.

लाइलच्या खाण्यापिण्याची काळजी नको. वेर्ना माझ्या ताटातलं काढून त्याच्या ताटात वाढते.

एक वाईट बातमीही आहे. कॉलेजच्या अध्यक्षांनी बोलावलं होतं. बावीस वर्षांत विभागाचं अजिंक्यपद एकदाही नाही, तेव्हा पुढल्या वर्षी एखादा तरुण माणूस आणावा असं त्यांच्या मनात आहे. चौपन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करू, सांग. मला गवत कापता येतं, बस चालवता येते आणि पोरांवर ओरडता येतं. लाइलला यातलं काही कळवू नकोस, पोर उगाच मनाला लावून घेईल.

लोभ आहेच, तो पत्राच्या मापाने मोजू नकोस.
तुझा,
ऑर्लिन

---

टायलर्स ग्रोव्ह, साउथ डकोटा
१६ फेब्रुवारी १९७४

चि. ऑर्लिन यास,

अ. आ. शाळेच्या स्वयंपाकघरातून आत्ताच आले. दोनशे पोरांचं जेवण उरकून पायांचे तुकडे पडलेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

अध्यक्षांचं वाचून जीव तुटला. बावीस वर्षं राबवून घेतात आणि मग तरुण माणूस आठवतो! पण आता माझं ऐक. कार्ल गेला, त्याच्या मागे शेत गेलं. माझ्या पोराला वारसा म्हणून एक उजवा हात उरलाय. ख्रिसमसला तूच म्हणालास की पूर्ण सामना टाकल्यावर पिचरने चार दिवस चेंडूला शिवू नये. ते मला लिहून दे. हसू नकोस. लहानपणी माझी सायकल जपून आणतो म्हणालास आणि चाक एकीकडे, तू एकीकडे असा घरी आलास.

वेर्नाला सांग, लाइलला कांदा चालत नाही पण तो बोलायचा नाही. समोर येईल ते गिळतो नि छान झालंय म्हणतो. अगदी बापावर गेलाय.

सांभाळून राहा.
तुझी मोठी बहीण,
इर्मा

---

बेकर्स फोर्ड
३ मार्च १९७४

प्रिय इर्मा,

स. न. वि. वि. घे लिहून: मी, ऑर्लिन हॉगस्टॅड, शुद्धीवर असताना कबूल करतो की लाइल एकदा पूर्ण सामना खेळला की चार दिवस त्याच्या हाती चेंडू देणार नाही. वेर्नाने साक्षीदार म्हणून सही केली आहे. आणि सायकलचं चाक आधीपासूनच ढिलं होतं, हे पंचेचाळीस वर्षांत कितीदा सांगू!

अगं, हे मला शिकवायला हवं का? नव्या मदतनिसांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की पिचरला हात कसा आहे ते कधी विचारायचं नाही. तो मोडका हात घेऊनही छान आहे म्हणणार. आपण त्याचा कोपर बघायचा, आणि हात पुढे करून चेंडू मागून घ्यायचा. खेळ पिचरचा, पण थांबवायचं काम कोचचं.

मैदान दिसायला लागलंय. आज स्वतः जाऊन चिखल उपसला. कंबर तुझी आठवण काढते आहे.

राग नसावा, असला तर पुढच्या पत्रात काढ.
ऑर्लिन

---

बेकर्स फोर्ड
१२ मे १९७४, रविवार

प्रिय इर्मा,

स. न. वि. वि. आणि आज मदर्स डे, म्हणून डबल नमस्कार. जिंकलो गं! बावीस वर्षांनी विभागाचं अजिंक्यपद! अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. तरुण माणसाचं नावसुद्धा काढलं नाही.

तुला सगळं नीट सांगतो. शुक्रवारी लाइल पूर्ण नऊ इनिंग खेळला आणि आम्ही अंतिम सामन्यात आलो. शनिवारी सकाळी बसमध्ये मला राहवलं नाही. स्टीअरिंग धरून म्हणालो की पोरांनो, आज हरलो तर तुमच्या या म्हाताऱ्याची ही शेवटची बस. आठव्या इनिंगला आमची एक धाव जास्त होती, त्यांची तीन माणसं बेसवर धाव घ्यायला टपलेली आणि आमचा पिचर पार गळालेला. मी बाकाकडे वळलो तर लाइल ग्लोव्ह घालून उभाच. मी विचारलं, हात कसा आहे? म्हणाला, छान आहे, मामा. मैदानावर तो मला कोच म्हणतो; काल मामा म्हणाला. सहा माणसं बाद केली त्याने, इर्मा. एकही धाव दिली नाही.

तुला लिहून दिलं होतं, ठाऊक आहे. पण एकदाच, आणि त्याच्याच इच्छेने. कोपर जरा दुखतोय. रात्री डाव्या हाताने जेवला, तर वेर्ना हसली की अजिंक्यवीराला काटा धरता येईना. दोन दिवस बर्फाने शेकला की बरा होईल.

आनंदात आहे. तूही राहा.
ऑर्लिन

---

बेकर्स फोर्ड
२३ मे १९७४

प्रिय इर्मा,

वेर्नाचा नमस्कार. ऑर्लिन चार दिवस कागद घेऊन बसतो आणि फाडतो, म्हणून मीच लिहिते.

लाइलला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. कोपराच्या आत हाडं बांधून ठेवणारी दोरी तुटली आहे. यावर इलाज नाही म्हणाले. हात कामापुरता हलेल, पण चेंडू फेकणं संपलं. वहीवाल्या माणसाचा फोन आला होता. मी खरं ते सांगितलं. बरं म्हणाला आणि ठेवला.

लाइल रडला नाही. उलट मामाला धीर देत होता. मी त्या रात्री हसले होते, ते मला खुपतंय. इर्मा, मला माफ कर. शनिवारी त्याला बसने तुझ्याकडे पाठवते. डबा देते आहे, कांदा घातलेला नाही.

तुझी,
वेर्ना

---

बेकर्स फोर्ड
३० जून १९७४

प्रिय इर्मा,

स. न. वि. वि. लाइल तिकडे आल्यापासूनचं हे माझं चौथं पत्र. लाइल पोस्टकार्ड पाठवतो, सगळं छान आहे म्हणून. तू एक ओळ लिहीत नाहीस. शिव्या दे, पण लिही.

कॉलेजने पाच वर्षांचा नवा करार दिलाय. तो कागद टेबलावर आहे आणि शेजारी मी लिहिलेला राजीनामा आहे. अध्यक्षांना अजून कळवलेलं नाही. ज्या हातांनी त्याला चेंडू दिला त्या हातांनी पुन्हा कोणाला देऊ? मी चोर आहे, इर्मा. राजीनामा द्यावा म्हणतो, पण तुझ्या उत्तराखेरीज पाऊल उचलत नाही.

तुझ्या अक्षराची वाट बघणारा,
ऑर्लिन

---

टायलर्स ग्रोव्ह
११ ऑगस्ट १९७४

चि. ऑर्लिन यास,

अ. आ. हे लिहायला हात उचलत नव्हता. मोठी बहीण आहे, म्हणून लिहिते.

लाइल धान्याच्या कोठारावर कामाला जातो. वरच्या फळीवरची बरणी मला काढावी लागते. तो बघत असला की मी खालच्याच फळीवरचं घेते.

परवा मी त्याला विचारलं, दुखत होतं तर बोलला का नाहीस. शुक्रवारी रात्रीच कोपरात कळ आली होती म्हणे. दुसरा कोणी कोच असता तर सांगितलं असतं, पण मामाची शेवटची बस होती. नोकरीचं त्याच्यापासून लपवायला सांगितलंस, ऑर्लिन, मी लपवलं. आणि तूच बसमध्ये सांगितलंस. मग त्याला विचारलंस हात कसा आहे! तुला ठाऊक होतं तो काय म्हणणार. म्हणून तर विचारलंस.

आता राजीनाम्याचं. मुळीच द्यायचा नाही. राजीनामा दिलास की तुला हलकं वाटेल, आणि माझ्या पोराचा हात फुकट जाईल. ती नोकरी राहावी म्हणून त्याने तो दिला. करारावर सही कर. पाच वर्षं रोज मैदानावर जा. मन लागणार नाही, तरी जा. सोडून जायचा हक्क तुला उरलेला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं या. लाइलने बोलवायला सांगितलंय. मीही बोलावते आहे. जेवायला तू माझ्या समोर बसू नकोस, एवढंच.

तुझ्यावरचा लोभ कमी करून पाहिला. होत नाही. झाला असता तर बरं झालं असतं.

इर्मा