ती गाडी किती पळायची?

आप्पा, तुमची गाडी पुन्हा बाहेर काढली. ताडपत्री उचलली तर आत मुंग्यांनी वारूळ केलेलं आणि सीटमध्ये उंदरांचा संसार. तुमच्या नातीनं सगळं झाडलं, धुतलं, महिनाभर इंजिनात डोकं घालून बसली, आणि एक दिवस हात पुसत मला विचारलं, "आई, ही किती पळायची?" साधा प्रश्न. आसनगावात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, दिवसभर लोकांना गाडी शिकवते, कुठली गाडी किती दम धरते ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन. आणि माझ्या बापाच्या गाडीचं मला सांगता येईना. याला जबाबदार तुम्ही. एवढ्या वर्षांनी भांडायला बसलेय, तेव्हा ऐकून घ्या. मध्येच उठून हात धुवायला जाऊ नका.

कारण तुम्ही तेच करायचात. काही विचारलं आणि उत्तर द्यायचं नसलं, की मोरीवर जायचं, रॉकेलनं हात चोळायचे, मग साबणानं, मग पुन्हा रॉकेलनं. आई चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत असायची. ती म्हणायची, "आता काय कातडी काढतंव काय हाताची?" तोवर विचारणारं माणूस कंटाळून निघून गेलेलं असायचं. या गाडीला काटा बसवा म्हणून मी तुमच्या किती मागे लागले होते. भंगारात स्पीडोमीटर ढिगानं पडलेले. तुमचं एकच, "काटा बघनारा रस्ता बघत नाय." झालं, विषय संपला, हात धुवायला मोरीवर.

गाडीची गोष्ट मात्र तुम्ही न विचारता सांगायचात, तीच ती, रंगवून रंगवून. लग्नाआधी तुम्ही मुंबईत ज्या शेठच्या गॅरेजात होतात, तिथं मागच्या बाजूला ही पडलेली. बोटीवरून आलेली परदेशी शर्यतीची गाडी. एका माणसापुरती, ठेंगणी, बसलं की ढुंगण जमिनीला टेकेल असं वाटायचं. इंजिन नव्हतं, नुसता सांगाडा, चाकं आणि स्टिअरिंग. गॅरेज बंद झालं तेव्हा शेठनं ती तुम्हाला देऊन टाकली आणि तुम्ही ती ट्रकात घालून शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात आणलीत. भंगारातल्या टॅक्सीचं इंजिन तिच्यात बसवलंत. तुम्ही सांगायचात, तिकडं लोक मातीचा ट्रॅक करतात, अंड्यासारखा लांबट गोल, त्यावर पाणी मारतात, आणि या गाड्या नुसत्या डावीकडे वळत सुटतात. गिअर बदलायची भानगड नाही, स्टार्टर नाही, मागून ढकलून सुरू करायची. वळणावर मागची बाजू बाहेर घसरते, तेव्हा स्टिअरिंग उलटं उजवीकडे धरायचं आणि गाडी आडवीच पुढे काढायची. मी विचारायचे, "पण पळते किती?" तुम्ही म्हणायचात, "बगनाऱ्याची मान वळायच्या आत फुडं जाते." हे काय उत्तर झालं?

परवा लेकीनं फोनवर शोधलं. त्या जुन्या गाड्या लहान ट्रॅकवर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जायच्या, मोठ्या ट्रॅकवर त्याहून बऱ्याच जास्त. ती म्हणाली, आई, हे ऐकायला कमी वाटतं, पण सरळ रस्ता असतोच कुठे, एक वळण संपलं की दुसरं तोंडावर. मला कशाला सांगतेस, म्हटलं. मला माहीत आहे ते. मी चालवलीय ती.

मीच का, तर तुमचे गुडघे आत मावत नव्हते म्हणून. तुम्ही बसून पाहिलंत, अडकलात, मी आणि आईनं काखेत हात घालून तुम्हाला ओढून काढलं. आई हसून हसून खाली बसली होती. दहावीची परीक्षा संपली होती, मी शेवग्याच्या शेंगेसारखी, सुळकन आत गेले. कापणी होऊन रिकाम्या पडलेल्या शेतात तुम्ही बांध फोडून मला गोल आखून दिलात, डाव्या हाताचा. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं बसवलंत, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे ओढ घेईल. गॅरेजातली माणसं ढकलायची, इंजिन खोकायचं, धरायचं, आणि मी सुटायचे. वळणाच्या तोंडाशी तुम्ही उभे. दोन्ही हात वर करून ओरडायचात, "बाय, पाय उचल! पाय उचल गो!" मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे. मग थोडा कमी उचलायला लागले. मग एका संध्याकाळी उचललाच नाही. आप्पा, ती संध्याकाळ मला आत्ता हात लावून दाखवता येईल. मागची बाजू अशी सर्रकन बाहेर जाते, माझे हात आपोआप उजवीकडे फिरतात, पुढचं डावं चाक जमिनीवरून उचलतं आणि हवेत नुसतं फिरत राहतं, मला ते दिसतंय, आणि मला जराही भीती वाटत नाही. आयुष्यात इतकी शहाणी मी पुन्हा कधी झाले नाही. थांबले तेव्हा मला वाटलं, आता हे माझी पाठ थोपटणार. तुम्ही म्हणालात, "बस झालं आज." आणि मोरीवर गेलात.

आणि दुसऱ्या दिवशी जत्रा. देवळामागच्या माळावर बैलांच्या शर्यती झाल्या की शेवटी आपली गाडी फिरणार, असं सगळ्या पंचक्रोशीत झालेलं. डोळखांबकडचे लोक टेम्पो भरून आले होते. शाळेतले खेळाचे मास्तर स्टॉपवॉच घेऊन उभे राहणार होते, गोलाची लांबी आम्ही सकाळीच दोरीनं मोजली होती. म्हणजे त्या दिवशी कळणार होतं. काटा नाही तर नाही, घड्याळ होतं. ही गाडी किती पळते आणि मी तिला किती पळवते, हे चार लोकांसमोर ठरणार होतं. मी आईची ओढणी डोक्याला घट्ट बांधून आत बसले. तेवढ्यात देवळातले गुरव आले, हात आडवा धरला. "देवीचा माळ हाय हा. हितं उलटी फेरी नाय चालनार. उलटी फेरी मयताला. फिरवायची तर प्रदक्षिणेसारकी फिरवा, उजव्या अंगानं."

मी तुमच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता हे बोलतील. सांगतील की बाबा, ही गाडी डावीकडेच वळते, तशीच बांधलीय, बैल जसा उलटा जुंपत नाहीत तशी ही उलटी फिरवत नाहीत. तुम्ही मान हलवलीत. बस, मान हलवलीत! चार माणसं बोलावलीत, मी आत बसलेली असतानाच गाडी उचलून तोंड फिरवून ठेवलीत. आणि मग जे झालं ते सगळ्या जत्रेनं बघितलं. मी उजवीकडे ओढतेय, गाडी डावीकडे पळतेय, वळण आलं की सरळ माणसांत घुसायला बघतेय. नुसती रांगत फिरले. माझे दंड भरून आले. पोरं बाजूनं पळत होती, काही तर माझ्या पुढे गेली. कुणीतरी ओरडलं, "आरं, तिला पेंढा टाका!" आणि माळभर हशा पिकला. मास्तरांनी घड्याळ दाबलंच नाही, खिशात घातलं. तुम्ही लोकांना नमस्कार करत होतात. घरी येताना मी रडत होते आणि तुम्ही इंजिन कसं अजिबात तापलं नाही वगैरे सांगत होतात. आठवडाभरात तिच्यावर ताडपत्री पडली. पुन्हा बसायचं नाव काढलं की, "बगू." तुमचं ते बगू मला अजून कानात सलतं.

त्यानंतर मी त्या देवळाची पायरी चढले नाही. लग्न झालं तेव्हासुद्धा देवीला नमस्कार करायला गेले नाही, सासूनं बोल लावले तरी. मुरबाडला जाताना एसटीतून देऊळ दिसायचं, सिद्धगड मागे, सगळी बाई-माणसं हात जोडायची आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे. राग कुणावर? गुरवांवर आणि देवीवर. तुमच्यावर नाही. तुम्ही आपले गरीब, गावाला नाही म्हणता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं. तुम्ही गेलात तेव्हा मुलगा नाही म्हणून मडकं मीच खांद्यावर घेतलं. कुणीतरी कोपराला धरून सांगितलं, डावीकडनं फिर बाय. तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता बरं चालतं! तुमच्या चितेभोवती मी डावीकडून फिरत होते आणि रडायच्या ऐवजी दातओठ खात होते.

आता लेकीला गाडी चालवायची होती. कल्याणला इंजिनिअरिंगला आहे, तिकडं कॉलेजातही हेच, गाड्याच बांधत असतात. जागा कुठली, तर आपली शेतं राहिली नाहीत, प्लॉट पडले. राहिला तो देवीचा माळ. म्हणून मी एवढ्या वर्षांनी गुरवांना विचारायला गेले. म्हातारे झालेत, दात गेलेत, अंगणात उन्हाला बसले होते. मी आधीच भांडायच्या तयारीनं गेलेली. म्हटलं, "काका, गाडी डावीकडूनच फिरणार. या खेपेला आडवे आलात तर मी ऐकणार नाही." ते म्हणाले, "फिरव की, कुटूनबी फिरव. देवीला काय करायचंय? तवा बी नव्हतं कायच करायचं."

"मग त्या दिवशी?"

"तुजा बाप आलेला ना आदल्या सांजंला. हात सगळं रॉकेलच्या वासाचं. म्हनला, पोरगी पाय उचलत नाय. मी सांगून थांबनार नाय ती. उद्या तुमी आडवं या, देवीचं नाव घ्या. तुमचं ऐकंल."

मी विचारलं, "आणि तुम्ही ऐकलंत?"

"रडत हुता गो," ते म्हणाले. "मानूस रडतंय तर काय करनार?"

आप्पा, मला तिथंच असा संताप आला की काय सांगू. अजून उतरलेला नाही. रडत होतात तर माझ्यासमोर रडायचं होतं! मला म्हणायचं होतं, बाय, मला भीती वाटते. मी ऐकलं असतं. बरं, नसतं ऐकलं कदाचित. पण मला माहीत तरी असतं. तुम्ही माझ्या हातून गाडी काढून घेतलीत आणि दोष दगडाच्या देवीवर टाकलात. लोक हसले ते मला हसले, तुम्हाला नाही. आमच्या स्कूलच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी तो दाबते, पण त्याला दिसतं मी दाबला म्हणून, आणि तो मला शिव्या घालू शकतो. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत. शिव्या मी भलत्यालाच घातल्या, जन्मभर. हे चुकलं तुमचं. सपशेल चुकलं.

रविवारी गाडी माळावर नेली. लेकीनं उजवं मागचं चाक मोठंच मिळवलं होतं, कुठून तरी शोधून. फोन स्टिअरिंगला बांधला, त्यात वेग दिसतो म्हणे. म्हणजे आता आकडा कळणार, एकदाचा. गुरवकाका झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. तिनं आधी हळू दोन फेऱ्या मारल्या, डावीकडून, छान. तिसऱ्या फेरीला वेग घेतला आणि वळणाच्या तोंडाशी मी उभी होते. मी ओरडले, पाय उचल. तिनं उचलला नाही. मागची बाजू सर्रकन बाहेर गेली, पुढचं चाक उचललं, आणि तिचं तोंड दिसलं मला. हसत होती. ती थांबली, हेल्मेट वर करून म्हणाली, "फोनवर वेगाचं सुरूच केलं नव्हतं गं, आता बघ, आता खरी फेरी." आणि मी म्हणाले, "उजवीकडून फिरव."

"काय?"

"देवीचा माळ आहे. उलटी फेरी चालत नाही इथं."

"आई, ही डावीकडेच वळते! आणि मग आत्तापर्यंत?"

"आत्तापर्यंत चुकलं. विचार त्यांना."

तिनं गुरवकाकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश मान हलवली. "नाय चालत गो बाय," म्हणाले. "देवीला नाय चालत."

ती उजवीकडून फिरली, रांगत, गाडीशी झोंबत. फोनवरचा आकडा तिनं मला दाखवला, सायकलवाल्यानंही हसावं असा. "एवढीच पळायची ही?" मी म्हणाले, हो, एवढीच. आणि घरी येऊन हात धुवायला गेले.

हे पत्र गाडीतच ठेवणार होते, सीटखाली, तुमच्याजवळ म्हणून. पण ती रोज तिथं हात घालते. कपाटात साड्यांच्या खाली ठेवतेय. तिच्या हाती पडलं तर ती दुसऱ्याच दिवशी गाडी डावीकडून फिरवेल, आणि ती पाय उचलत नाही, आप्पा.