तुझी बोली तिच्याकडे गेली

मम्मी, शेजारची ती लग्न करून देवासला चालली आहे. मुलगा मराठी आहे. त्याच्या घरच्यांना सून मराठी बोलणारीच हवी होती, आणि आपल्या अख्ख्या कॉलनीत नीट मराठी बोलणारी पोरगी निघाली कोण, तर जिच्या घरात आजी-पणजीपासून इथल्या मालवी बोलीशिवाय कुणी काही बोललं नाही, ती. तू शिकवलीस तिला. म्हणून हे आधी तुलाच सांगतोय. सांगताना माझं डोकं गरम आहे, हे समजून घे. तू होतीस तेव्हाही ते गरमच असायचं.

पीथमपूरच्या आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. ओट्याखाली गॅसची टाकी, तिच्या शेजारी तुझा पाट, आणि दाराला टेकून बसलेली ती, अंगावर शाळेचा ड्रेस तसाच. तिची आई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, शिफ्टची बस येईपर्यंत ती आपल्याकडेच. तू मेथी निवडत असायचीस, ती काड्या एका बाजूला करायची आणि तुमच्या दोघींच्या गप्पा चाललेल्या. ‘काहून वं, आज मास्तरीण काय म्हणे तुले?’ असं तू विचारायचीस, आणि ती ‘मावशी, मावशी’ करत तुझ्याच सुरात उत्तर द्यायची, तुझ्यासारखीच मान वाकडी करून. समोरच्या ब्लॉकमधल्या सुपरवायझरच्या बायकोला तुम्ही ‘थर्मास’ म्हणायचात, कारण वरून थंड आणि आत उकळतं. ते नाव तू ठेवलं होतंस. मला हे कसं माहीत? मी बाहेर चपला शोधत असायचो. क्रिकेटला जायचं असायचं, तरी चप्पल सापडायला मला फार वेळ लागायचा.

मी आत आलो की तू गप्प व्हायचीस, एवढंच म्हणायचीस, ‘आले साहेब.’ तेही तिला, मला नाही. मग माझ्याकडे वळून तुझी हिंदी सुरू. ‘हात धो ले. गरम रोटी देती मैं. उष्टा मत छोड़ हां.’ शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की घर में हिंदी बोलिए, बच्चा पीछे रह जाएगा. पप्पा म्हणाले, इथं राहायचं तर पोराची हिंदी पक्की पाहिजे. तुझी हिंदी कच्ची होती, पण तू ऐकलंस. माझ्याशी जन्मभर हिंदीत बोललीस. आणि त्या हिंदीत तुला काय काय येत होतं ते मी सांगतो. जेव, झोप, अभ्यास कर, स्वेटर घाल. त्या हिंदीत तुला एकही विनोद येत नव्हता. माझ्या वाट्याला विनोद नसलेली आई आली. दुसरी जी होती, लोकांना नावं ठेवणारी, हसता हसता पदर तोंडाला लावणारी, ती दुपारभर शेजारच्या पोरीला मिळायची. सख्ख्या पोराला उरलंसुरलं.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. अकोल्याकडून मावश्या आल्या. बायका आतल्या खोलीत तुझ्याबद्दल बोलत होत्या, रडत होत्या, आणि मध्येच तुझी एखादी गोष्ट आठवून हसतही होत्या. ती त्यांच्यातच बसली होती. नात्यातल्या एका लांबच्या मावशीनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, ‘पोट्टीनं मायचं सगळं उचललं, बोलणंही तसंच.’ कुणीतरी सांगितलं, अवं, ही तर शेजारची. मावशीनं हात सोडला नाही. मी बाहेर खुर्च्यांवर पुरुषांमध्ये बसलो होतो. एक जण माझ्या पाठीवर थापटत होता, ‘हिम्मत रख बेटा.’ त्या दिवशी मला तुझ्या जाण्यापेक्षा त्या मावशीच्या हाताचा जास्त त्रास झाला. पुढ्यात आलेलं ताट मी तसंच परत पाठवलं, आणि सगळे म्हणाले, बिचारा.

मग त्याच पोरीवर जीव कसा जडला ते मला विचारू नकोस. रागाच्या माणसाकडे आपण सारखं बघतो, आणि बघता बघता कधीतरी राग बाजूला राहतो. तिनं मला कधी राखी बांधली नाही. कॉलनीतल्या सगळ्या पोरांना बांधली, मला नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी कितीतरी वर्षं काढली. धारच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना एक जण तिच्याबद्दल काहीबाही बोलला, मी त्याला मारलं, प्राचार्य म्हणाले वडिलांना घेऊन या. मी पप्पांना नेलं नाही आणि स्वतःही परत गेलो नाही. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘किसने बोला था तेरे को?’ आता मी व्हॅन चालवतो, धारहून पीथमपूर, स्टाफ नेतो-आणतो. ती एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कॉलनीच्या वळणावर ती चढते आणि पुढच्या सीटवर बसते. ती सीट मी दुसऱ्या कुणाला देत नाही, लोक हसले तरी.

आणि त्याच सीटवर बसून एक दिवस ती फोनवर मराठी बोलायला लागली. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी मी तिच्या तोंडून अशी सलग मराठी ऐकत होतो. हसत होती, मान वाकडी करून. मी आरशात मागच्या गाड्या बघत राहिलो. कोण आहे म्हणून विचारायची गरज नव्हती. माझ्या आईची भाषा माझ्याच गाडीत, माझ्याच डिझेलवर, एक पोरगी कुणा दुसऱ्याला देत होती.

घर बघायला देवासला जायचं ठरलं तेव्हा तिचे वडील माझ्याकडेच आले. ‘भिया, तू ही ले चल. घर को आदमी है.’ नाही कसं म्हणणार? नवा शर्ट घातला, गाडी धुतली. मनात होतं की काहीतरी मोडेल. मुलगा तोतरा निघेल, आई खडूस निघेल, कुणीतरी जात काढेल. तसं काही झालं नाही. टेकडीच्या बाजूला स्वच्छ तीन मजली घर, खाली दवाखाना भाड्यानं दिलेला. संस्थानच्या वेळचं घराणं, पण मिजास नाही. मुलगा आपल्या आईला ‘वहिनी’ म्हणतो, त्यांच्यात तशी पद्धत. ही वहिनी आधी शाळेत शिकवायची, आता घरी असते. तिनं मला चहा दिला आणि मराठीत विचारलं, ‘तुम्ही तर आपल्यातलेच ना? मूळचे कुठले?’ मला सगळं समजलं, मम्मी. उत्तरही मनात तयार होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, ‘जी, मम्मी अकोला साइड की थीं.’ ती इतक्या प्रेमानं हिंदीवर आली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. पुढे सगळा वेळ ती माझ्याशी हिंदीत बोलली आणि मालवी बापाच्या पोरीशी मराठीत. बैठकीत जन्मानं मराठी पाहुणा मी एकटा होतो, आणि भाषेसाठी सांभाळून घ्यावं लागत होतं तेही मलाच.

थोड्या वेळानं ती आणि वहिनी आत गेल्या, लाडूंच्या ताटल्या भरायला. आतून हसणं यायला लागलं. मी चप्पल शोधणारा पोरगा पुन्हा झालो. मुलगा काही सांगत होता, त्याच्या पगाराचं, पुण्याच्या ट्रेनिंगचं, जरा जास्तच. ती ताटल्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्याकडे बघून त्याच्या आईला म्हणाली, ‘लय वाजते वं काकू हे. अर्धा भरलेला डबा हाय नुसता.’

सगळे हसले. वहिनी तर ताटली खाली ठेवून हसली, ‘अगं, ही कुठली भाषा? किती गोड.’ मुलगा लाजला आणि खूश झाला.

मम्मी, ते तू मला म्हणायचीस. मी दार आपटून, ओरडून गेलो की मागून तिला म्हणायचीस, अर्धा डबा हाय, लय वाजते. तुझ्या मराठीत माझ्या वाट्याचं तेवढं एकच वाक्य होतं. ते तिनं त्याला देऊन टाकलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘वो डब्बे वाली बात मेरी है. मेरी मम्मी मेरे को बोलती थी.’

मग तिचे वडील मालवीत पुटपुटले, ‘छोरा के कई हुयो?’ मुलगा सभ्यपणे म्हणाला, ‘भैया, बैठिए न.’ मी बसलो नाही. खाली गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

ती मागून आली. दुपट्टा खांद्यावर गच्च घेतलेला, नाक लाल.

‘तमाशा करना जरूरी था?’

‘तूने मेरी बात उसको दे दी.’

‘तेरी कैसे? बोलती तो मेरे से थी. मैंने सुनी है, तूने तो दरवाजा पटका और गया.’

‘तेरे को तो सब दे गई वो. मेरे को क्या मिला?’

‘तेरे को वो मिली, गधे.’ ती एवढ्या जोरात म्हणाली की दवाखान्यातल्या बाकावरचा म्हातारा आमच्याकडे बघायला लागला. तिनं आवाज खाली आणला. ‘तू आता था ना, तो मावशी मेरे को आधी बात पे छोड़ के उठ जाती थी. रोटी, पानी, तौलिया, और वो टूटी-फूटी हिंदी. मेरे वास्ते उसने एक शब्द नया नहीं सीखा. तेरे वास्ते पूरी जबान सीखने बैठी. मैं घर जाके खाना नहीं खाती थी.’

हे मला माहीत नव्हतं. पण म्हणून मी विरघळलो असं समजू नकोस. उलट वाटलं, घे, आता हेही तिचंच. जळायचा हक्क तरी माझा एकट्याचा होता.

मी म्हणालो, ‘मत कर ये शादी.’

‘क्यों?’

एवढ्या वर्षांचं सगळं त्या एका ‘क्यों’पाशी येऊन उभं होतं, आणि मी म्हणालो, ‘बस. मत कर.’

ती थोडा वेळ थांबली. मला वाटतं, खरंच थांबली. मग म्हणाली, ‘मावशी गई, उसके बाद मेरे पास बोलने को कोई नहीं था. तेरे से बोलती थी मराठी में. हर बार तू हिंदी में जवाब देता था. फिर एक दिन कंपनी की कैंटीन में मेरे मुँह से निकल गई, और उसने मराठी में जवाब दिया. बस इत्ता ही हुआ, भिया.’

माळव्यात भिया, म्हणजे भाऊ, कुणालाही म्हणतात. पोहेवाल्याला, ट्रॅफिक पोलिसाला, अनोळखी माणसाला. तिनं मला आजवर कधी म्हटलं नव्हतं. वरून वहिनीनं हाक मारली, ‘अगं, ये वर, तारीख काढतायत.’ ती ‘आलेच’ म्हणून जिना चढून गेली. परतताना पूर्ण बायपासभर तिचे वडील खूश होते. ‘छोरो अच्छो है. हैं नी?’ मी म्हणालो, हां काका, अच्छा है. ती मागच्या सीटवर आईजवळ बसली होती. पुढची सीट रिकामी होती.

त्यानंतर मी पप्पांशी मराठीत बोलायला लागलो. पहिल्यांदा विचारलं, ‘पप्पा, आज भाजी काय करू?’ ते पेपरमधून वर न बघता म्हणाले, ‘जो है बना ले.’ थोड्या वेळानं पेपर खाली झाला. ‘काय म्हणालास?’ आता रोज बोलतो. चुकतो, ते दुरुस्त करतात, कधी चिडतात, म्हणतात तुझ्या मराठीला शेव टाकलेल्या पोह्यांचा वास येतो. हे लिहिताना अडलेले शब्द त्यांनाच विचारले, कशासाठी ते सांगितलं नाही. एकदा विचारलं, जलन को मराठी में क्या बोलते? म्हणाले, ‘मत्सर.’ मग जरा थांबून, ‘पण तुझी मम्मी असा शब्द कधी वापरायची नाही. ती म्हणायची, त्याच्या पोटात दुखून राह्यलं.’ आणि ते हसले. तुझी आठवण निघाल्यावर ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणजे त्यांच्याकडेही होतीस तू, ती दुसरी. सगळ्यांकडेच होतीस.

पत्रिका आली आहे. वऱ्हाडाचं बघायला मलाच सांगितलंय, दोन गाड्या कमी पडतील म्हणाले तिचे वडील. मी जाईन, भांडण करणार नाही, एवढं मी पप्पांना कबूल केलंय.

आता एक सांगायचं राहिलं. तुझं नाव घेऊन बसलो, पण हे तुला लिहिलेलं नाही, मम्मी. तुला लिहायचं असतं तर हिंदीत लिहिलं असतं, आपलं तेच होतं. हे मराठीत लिहिलं ते तिनं वाचावं म्हणून. तिला उशिरा का होईना, मराठीत उत्तर द्यायचं होतं. काल ती पत्रिका घेऊन आली तेव्हा हे कागद माझ्या खिशात होते. ती म्हणाली, ‘येशील ना रे?’ मराठीत म्हणाली. मी म्हणालो, ‘हां, आऊँगा.’